माह्या ब्लॉगचं कॅरेट कोणं पालथं केलं?

...अन् वरून मले म्हणते काय, 'आपल्या लेखनप्रवासास मनःपूर्वक शुभेच्छा!' आता मले सांगा, मी कुठी जाऊन रायलो होतो? मी तं नांदगाव खंडेश्वरले माह्या वावरात, वांग्याच्या दोन तासांच्या, म्हंजे ओळींच्या, मधात उभा होतो, पाय गाऱ्यात, हातात मोबाइल, अन् हे लोकं मले प्रवासाच्या शुभेच्छा देऊन रायले! अरे, ज्याले घरात घ्यायचं नसते त्यालेच माणूस दारातून म्हणते, 'सांभाळून जा बरं!' येवढं कळते मले. शेतकरी हावो, येडा नाई.

मी काही कोणावर संशय घेत नाई, तुमाले सांगतो. माहा स्वभावच नाई तसा. मी फक्त इचारतो. इचारू बी नाई का?

आता तुमी म्हणसान, खुशालराव, झालं काय ते तं सांगा. तेच सांगून रायलो ना बाप्पा! इंटरनेटवर एक जागा हाय, 'वाचनपार' म्हणून. पार कसा असते गावात, चार शहाणे बसते अन् कोणाचं काय चाललं ते सांगते, तसा हा मोबाइलमधला पार. लोकं ब्लॉग लिवते ना, त्यातले वाचण्यासारखे कोणते ते हे पारावरचे लोकं सांगते. एखाद्यानं शिफारस कराची, की बा ह्यो ब्लॉग चांगला हाय, मंग त्यांचं निवड मंडळ तो ब्लॉग वाचते, अन् पसंत आला तं पारावर बसवते. नाई आला तं शुभेच्छा. आता ह्या निवड मंडळात कोण कोण हाय? नावं गुप्त! काहून गुप्त? चोरी केली का तुमी? ग्रामपंचायतीच्या मेंबराचं नाव अख्ख्या गावाले माईत असते, त्याच्या घरी जाऊन भांडता येते. ह्यांच्याशी भांडाचं तं कुठी जाऊन भांडाचं, मोबाइलच्या काचेवर डोकं आपटाचं का?

माहा ब्लॉग हाय, 'माह्यं वावर' नावाचा. दोन वर्षं झाले. वांगे, गवार, भेंडी, काय पेरलं, काय निघालं, रानडुकरं कसे आले, हर्रासात, म्हंजे बाजारातल्या लिलावात, कोणं कसा भाव पाडला, असं लिवतो. आता म्हणसान की भाजीवाल्याले ब्लॉग कशाले पायजे? का बरं? भाजीवाल्याले तोंड नाई का? पण पारावर बसाची मले काही हौस नव्हती, खोटं नाई सांगत. हौस लावली ती आमच्या इवायानं.

इवाई म्हणजे माह्या पोरीचे सासरे. भगवंतराव. अकोल्याले रायते, सरकारी नोकरीतून रिटायर झाले, सज्जन माणूस... सज्जनच म्हणा लागते, पोरगी दिली ना त्यांच्या घरात. त्यांचाबी ब्लॉग हाय. 'अकोल्याचं ऊन'. आता त्यात काय असते आयका हो, नीट आयका, कारण मले अजून पटत नाई. रोज दुपारी आंगणातलं थर्मामीटर पायते अन् लिवते. '४३.९. टोपी घातली.' झालं! दुसऱ्या दिवशी, '४४.६. कूलरचं गवत बदललं.' झालं! तिसऱ्या दिवशी, '४४.१. शेजारच्यांचं कूलर बंद पडलं, त्यांना आमच्या खोलीत झोपायला बोलावलं.' संपला लेख! अन् ह्यो ब्लॉग कुठी हाय? पारावर! वर्षभरापासून! खाली लोकायनं लिवलं, 'किती साधं, किती सच्चं.' अरे, थर्मामीटर सच्चंच असते! ते खोटं कसं बोलन?

तं झालं काय, अधिक महिना आला. आमी पोरीले अन् जवायाले धोंड्याच्या जेवणाले बोलावलं, संगं इवाई बी आले. मनकर्णा, म्हणजे आमची मालकीण, तिनं तेहतीस अनारसे केले, पुरणाचे धोंडे केले, पंगत बसली, भाऊबंद बसले, सारा गोतावळा. अन् भगवंतरावानं धोंड्यावर तुपाची धार घेता घेता, भरल्या पंगतीत, मले इचारलं, 'खुशालराव, तुमी एवढं लिवता, मंग पारावर कसे दिसत नाई?'

माहा साळा देवीदास वाढता वाढता थांबला. सारे माह्या तोंडाकडं पाऊन रायले. आता मी पोरीचा बाप, इवायाले उलटून काय म्हणू? 'आणखी एक अनारसा घ्या' म्हटलं. पण घास तसाच ताटात रायला. दोन वर्षं मी लिवून रायलो, गावातल्या चार लोकायले वाटे की खुशालराव काहीतरी करून रायला, अन् इवायानं एका वाक्यात सांगून टाकलं की ह्याले कोणी इचारत नाई. म्हंजे तसं म्हटलं नाई त्यायनं. पण म्हटलंच ना! अन् पोरगी तिथंच बसली होती, खाली मान घालून. बापाचं असं झालेलं पोरीनं सासऱ्यासमोर पायलं, ते लागलं मले. तवाच ठरवलं, पुढच्या सणापर्यंत पारावर बसलो नाई तं नावाचा खुशाल नाई.

आता पारावर जाचं तं शिफारस पायजे. अन् सोताची शिफारस सोता करता येत नाई, असा नेम. मंग? देवीदास हाय, शेजारचे नत्थुजी हाय, घरात मनकर्णा हाय. शिफारशी मीच लिवल्या, तिघायच्या नावानं, तिघायले सभासद बी मीच बनवलं, माह्याच मोबाइलवरून. माणसानं मदत केली तं त्याले टाईप कराचा त्रास कशाले? देवीदास फक्त म्हणे, 'भाऊजी, एक ओळ माह्या मनची टाकू द्या.' टाक म्हटलं. त्यानं काय टाकलं असन? 'खुशालरावचे वांगे एक नंबर. बी कमी, चव जादा.'

दुसऱ्या दिवशी उत्तर. 'आपल्या तीन शिफारशी एकाच फोनवरून, नऊ मिनिटांत, एकाच शब्दांत आल्या आहेत. त्या विचारात घेता येत नाहीत. तसेच आम्ही ब्लॉगची शिफारस मागतो, वांग्यांची नाही.' बरं, म्हटलं, पकडलं तुमी. पण खाली आणखी एक ओळ होती, आता ते आयका. 'तथापि आपल्या ब्लॉगची एक शिफारस आमच्याकडे आधीच आलेली आहे. ती पुरेशी आहे. ब्लॉग वाचायला घेत आहोत.'

आधीच आलेली? कोणाची? मी तं कोणाले सांगतलं नाई! माह्या माघारी माही शिफारस करणारा ह्यो कोण? अन् काहून करते? मी मनकर्णाले म्हटलं, 'ह्यात काहीतरी डाव हाय.' ती म्हणे, 'आवो, कोणं चांगलं म्हटलं तं त्यात डाव काय असन?' म्हटलं, 'तू भोळी हायेस. हर्रासात जवा एखादा बोलीवाला सोताहून भाव वाढवते ना, तवा समजाचं, मागून कोणीतरी खड्डा खणून रायला.' मी काही कोणावर संशय घेत नाई, फक्त इचारतो, फुकटात कोणं कोणाची शिफारस केली आजवर?

मंग मीच अंदाज लावला. पोरगी! वर्षालीच असन. बापाचं पंगतीत तसं झालेलं पायलं, जीव तुटला असन, चुपचाप केली असन शिफारस. डोळ्यात पाणी आलं मले, खरं सांगतो. शेवटी पोरगीच कामी येते, म्हटलं.

अन् आठ दिवसानं ते शुभेच्छेचं पत्र आलं. आता पत्र वाचून दाखवतो, मले पाठ झालं हाय. 'आपला ब्लॉग वरपासून तळापर्यंत वाचला. वरचे चार लेख चांगले आहेत. त्याखालचे दोनशे अकरा आपले नाहीत. सगळ्यात खालचा एक मात्र आपला आहे. आधी कॅरेट पालथे करून पाहा, मग बोलू. आपल्या लेखनप्रवासास मनःपूर्वक शुभेच्छा.'

कॅरेट! थांबा. इथं तुमाले आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगा लागन, नाई तं तुमाले समजणार नाई की ह्या एका शब्दानं मी कसा पकडल्या गेलो. आमी भाजी अमरावतीच्या बाजारात नेतो ना, ते प्लास्टिकच्या कॅरेटमधी. अन् कॅरेट भराची एक रीत असते. खाली किडके, वाकडे, बारके. वरच्या थराले चकचकीत, सारखे, देठाले हिरवे. त्याले आमी तोंड भरणं म्हणतो. सारेच करते! अडत्याले माईत असते, बोलीवाल्याले माईत असते, कोणी काही म्हणत नाई. ह्याले लबाडी नाई म्हणत, ह्याले मांडणी म्हणते.

आता ब्लॉगचं तसंच केलं मी, कबूल हाय. दोन वर्षं दर तीन-चार दिवसानं काही ना काही टाका लागे, नाई तं रिकामं दिसते. अन् माणसाले दर येळी कुठून सुचन? वखरणी कराची की लेख लिवाचा? मंग मोबाइलवर सकाळी सकाळी येते ना, 'आयुष्य हे एक पुस्तक आहे', 'नाती जपा, माणसं जोडा', खाली गुलाबाचं फूल, त्यावर दवाचा थेंब... ते उचलून टाकत गेलो. दोनशे अकरा झाले असतीन, मी मोजले नव्हते, ह्यायनं मोजले! अन् शिफारशीच्या आधी चार लेख जीव लावून लिवले, हर्रासावर एक, रानडुकरावर एक, मनकर्णा गवारीचे वाटे कसे लावते त्यावर एक, अन् विहिरीवर एक. तोंड भरलं! एक नंबर भरलं!

अन् कोणी तरी कॅरेट पालथं केलं.

आता मले सांगा, हे मोबाइलवाले शिकलेले लोकं, ह्यायले कॅरेट पालथं कराची गोष्ट सुचली कशी? ह्यायनं आयुष्यात भाजी पिशवीत आणली, ते बी बायकोनं पाठवल्यावर. कॅरेट कसं भरते हे माईत असणारा, अन् मले ओळखणारा, अन् पारावर बसलेला... असा माणूस दुनियेत कोण? भगवंतराव! मागच्या दिवाळीत आमच्या वावरात आले होते, मी कॅरेट भरत होतो, बाजूले खाटेवर बसून घंटाभर पाऊन रायले होते. मी म्हटलं बी होतं, 'खाली बारके जाते, भाऊ, रीतच हाय.' अन् तो माणूस हसला होता! तवा मले वाटलं, इवाई हसतेच.

अन् एक पुरावा आणखी. माह्या ब्लॉगवर एक मीटर लावलं हाय, कोण्या गावातून कोण वाचून रायलं ते दाखवते. रोज किती लोकं वाचते माईत हाय? एक. रोज एक! कुठून? अकोला. कवा? पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. आता पहाटे पाचले पोरगी उठून बापाचा ब्लॉग वाचन का, तिले घरचं काम असते. मंग पहाटे पाचले त्या घरात कोण उठते? रिटायर माणूस! रोज येऊन, चोरपावलानं, माहे सुविचार मोजून जाते! एक, दोन, तीन... दोनशे अकरा!

मी काही कोणावर संशय घेत नाई. फक्त बॅग उचलली अन् निंगालो अकोल्याले.

आता इवायाच्या घरी रिकाम्या हातानं जाता येत नाई, म्हणून मनकर्णानं थैलीभर वांगे भरून देल्ले. एसटीत बसलो, खिडकीतून झळा, अन् मी मनात घोकून रायलो, इचाराचं कसं? सरळ तं इचारता येत नाई. पोरगी हाय त्या घरात. पोरीच्या बापाले इवायावर आवाज चढवता येत नाई. फिरवून फिरवून, वळसा घालून इचारा लागते.

घरी पोचलो तं भगवंतराव आंगणात, थर्मामीटरसमोर, चष्मा वर करून. 'या खुशालराव, त्रेचाळीस पॉइंट दोन!' म्हणजे माह्या स्वागताआधी तापमान! बसलो. पाणी आलं, पन्हं आलं. मी म्हटलं, 'भगवंतराव, तुमी कॅरेट पायलं हाय का हो कदी?'

'पायलं ना. तुमच्याच वावरात.'

'वरून पायलं का खालून?'

'खालून कॅरेट कसं पायतीन, खुशालराव? त्यात वांगे असते.'

बगा, कसं सफाईनं टाळलं! म्हटलं, 'नाई, कोणी कोणी पायते. पहाटे पहाटे उठून पायते.' तं त्यायचा चेहरा थोडा लाल झाला, खोटं नाई सांगत, कान बी लाल झाले, अन् थर्मामीटरकडं पाऊन म्हणे, 'ऊन फार हाय बा आज.' झालं! सापडला! चोर असल्याशिवाय माणूस कानापर्यंत लाल होत नाई, येवढं मी हर्रासात शिकलो. म्हटलं, 'माहा ब्लॉग वाचता का हो तुमी?' तं म्हणे, 'अधूनमधून. येळ भेटला तं.' येळ भेटला तं! रिटायर माणसाले येळ भेटत नाई! तेवढ्यात सैपाकघरातून आवाज आला. धडाधडा, धडाधडा.

आत जाऊन पायतो तं वर्षालीनं वांग्याची थैली घेतली अन् सारीच्या सारी पालथी केली परातीत. वर काढून नाई हो, एक एक करून नाई, पालथी! जे वांगे थैलीत सगळ्यात खाली होते, ते आले वर. तीन किडके. एक तं असं किडकं की त्यातली अळी परातीत फिराले निंगाली, जशी इवायाचं घर पायाले आली.

मी म्हटलं, 'बाई, ते तुह्या मायनं भरले, मी नाई.' खरंच मनकर्णानं भरले होते! पोरीनं आयकलं अन् किडके बाजूले काढले, चाकूनं चांगला भाग कापला, अन् बाकीचे धुवाले घेतले. हे पोरगी सहा वर्षांची होती तवापासून मी पाऊन रायलो. माह्या संगं वावरात बसे, मी वरचा थर भरू, ती खालचा. अन् रोज इचारे, 'बाबा, किडके खाली काहून?' मी म्हणू, 'बाई, गिऱ्हाईक वरूनच पायते.' अन् ती काय करे? मी पाठ फिरवली की कॅरेट पालथं! सारे वांगे मातीत! 'आता खालचे वर आले बाबा, आता पायन गिऱ्हाईक.' दोन थापडा खाल्ल्या होत्या तिनं त्यापायी. सवय नाई गेली.

अन् माह्या डोक्यात तवा दिवा लागला. आधी कॅरेट पालथे करून पाहा, मग बोलू...

म्हटलं, 'वर्षाली. ते पत्र...'

'हो, बाबा.'

'हो म्हंजे?'

'मीच लिवलं. मी निवड मंडळात हावो ना, सहा महिने झाले. फोनवर सांगतलं होतं तुमाले. तुमी म्हटलं, बरं बरं, जवाईबापूची तब्येत कशी हाय?'

भिंतीले टेकलो. म्हटलं, 'अवो, पोटची पोरगी तू! बापाले नापास केलं? नात्यातल्या माणसाचा ब्लॉग वाचाची परवानगी तरी हाय का तुमाले? काही नेम-कायदा हाय का नाई त्या पारावर?'

तं शांतपणानं मले म्हणते, 'नेम हाय ना बाबा. नात्यातला ब्लॉग मंजूर करता येत नाई. नामंजूर करू नये असं कुठी लिवलं नाई.'

आता तुमीच सांगा, ह्या पोरीले शिकवलं ते चुकलं का नाई माह्यं? मी म्हटलं, 'मंग तुह्या सासऱ्याचं थर्मामीटर कोणं बसवलं पारावर?' म्हणे, 'मी तवा नव्हती मंडळात. अन् बाबा, त्यायचं दोन ओळीचं असते, पण त्यायचंच असते.' मी काही कोणावर संशय घेत नाई, पण पोरगी सासरी गेली की सासऱ्याची बाजू घेते, हे मी सोता पायलं!

निंगताना ती दारापर्यंत आली. पाया पडली. अन् हळूच म्हणे, 'बाबा, सगळ्यात खालचा वाचला का तुमी?' मी म्हटलं, 'कोणता खालचा?' म्हणे, 'गाडीत वाचा.'

बसलो एसटीत. रागात होतो, वाचणार नव्हतो. मूर्तिजापूर येईपर्यंत नाई वाचला. मंग काढला मोबाइल अन् सरकवत सरकवत खाली गेलो. गुलाब, दव, नाती जपा, गुलाब, सूर्य, आयुष्य हे पुस्तक, आयुष्य हे रेल्वे, आयुष्य हे चहा... बाप्पा, किती कचरा होता हो! अंगठा दुखून आला. अन् सगळ्यात खाली, अगदी तळाले, पह्यला लेख. मी लिवला होता हे मलेच आठवत नव्हतं. तारीख पायली, वर्षालीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची.

'आज कॅरेट भराले कोणी नव्हतं. दोन्ही थर मीच भरले. खाली किडके टाकले तं कोणी बाबा म्हटलं नाई. कोणं पालथं बी केलं नाई. भाव बरा भेटला. घरी आलो, काय करावं ते समजलं नाई, म्हणून हे लिवलं.'

येवढंच होतं. बाजूले एक बाई बसली होती, तिनं इचारलं, 'भाऊ, बरं वाटत नाई का?' म्हटलं, 'ऊन लागलं.' पण ऊन नव्हतं लागलं. दोन वर्षं मी तो लेख दोनशे अकरा गुलाबाखाली पुरून ठेवला होता, अन् त्या पोरीनं एवढे सारे गुलाब उपसून तो काढला. तिले फोन लावला, तिनं उचलला, अन् तीच म्हणे, 'बाबा, मूर्तिजापूर गेलं का?' म्हटलं, 'गेलं.' बस, एवढंच बोललो.

मंग दोन दिवस लागले साफ कराले. मनकर्णा बसे चष्मा लावून, ती दाबे अन् मी मोजू. ती दर फोटोले थांबे. 'आवो, हा ठेवू का? कमळ चांगलं हाय.' काढ! 'ह्याच्यात गणपती हाय, पाप लागन.' तो एक ठेवला. बाकी सारं गेलं. पाच लेख रायले, अन् एक गणपती. दोन वर्षांची मेहनत, पाच लेख! कॅरेट भरलं नाई, तळ सुद्धा झाकला नाई. पण जे हाय ते पालथं करा, उलटं करा, झटका, काही पडत नाई त्यातून.

मंडळातल्या दुसऱ्या कोणं तरी वाचला, वर्षाली बाजूले रायली, अन् परवा 'माह्यं वावर' पारावर बसलं! बसलं हो! देवीदासानं पेढे वाटले, नत्थुजी म्हणे, 'आमची शिफारस कामी आली.' आली, म्हटलं, आली. आता संपलं असतं ना इथं? छान संपलं असतं. मी बी खूश होतो. झोप बी लागली त्या दिवशी दुपारी.

पण त्या पारावर एक नेम हाय. ब्लॉग बसला की त्याखाली शिफारस करणाऱ्याचं नाव दाखवते. अन् त्यानं काय लिवलं तेबी. मी उघडून पायतो तं काय?

'शिफारस: भगवंतराव, अकोला. मी हा ब्लॉग रोज पहाटे पाच वाजता वाचतो. सुविचार सोडून.'

तारीख? धोंड्याच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसाची! म्हंजे पंगतीत तो माणूस मले टोमणा मारून नव्हता रायला, खरंच इचारून रायला होता. अन् उत्तर भेटलं नाई म्हणून घरी जाऊन सोताच शिफारस केली. कान लाल झाले होते ते लाजून. मी ते मनकर्णाले वाचून दाखवलं. मनकर्णा म्हणे, 'बगा, तुमी देवमाणसावर संशय घेत होते.' हो म्हटलं, खरं हाय. चुकलो मी. माणूस साधा हाय, सच्चा हाय, थर्मामीटरासारखा. फोन करून माफी मागाची म्हटलं. नंबर बी लावला. घंटी वाजली... अन् मी ठेवून देल्ला.

नाई, म्हंजे, मी काही कोणावर संशय घेत नाई. फक्त इचारतो. पेन्शन घरी येते, कूलर लावलेलं हाय, झोप मोडाचं काही कारण नाई... मंग हा माणूस रोज पहाटे पाचले उठून माहा ब्लॉग काहून वाचत असन?